रानसशाच्या लवेची अळी

१४ एप्रिल १९६९, सोमवार

बाबांनी आज चार तास खपून, मासे फसवायला गळावर लावतात ती खोटी अळी बांधली. एक! पक्षाघातानंतर उजवा हात असा थरथरतो, की गळाला दोरा कमी आणि बोटांना टोचे जास्त. रानसशाच्या कानाची अर्धी लव चहाच्या कपात गेली. वर मलाच, "अट्रॅक्टा, बघून शीक!" शिकले हो! केरसुणीला अडकलेला कचरा उचलायचा आणि गळाला गुंडाळायचा.

१६ एप्रिल

कोलमनकाका आले होते. चाळीस वर्षं दोघं एकाच नावेत बसतात आणि एकमेकांशी भांडतात. क्लबची मासेमारीची स्पर्धा २७ला. बाबा म्हणाले, "यंदा रिकाम्या हाताने परतलो, तर नाव विकून टाकीन."

बोलले ते करतात, हीच पंचाईत. मग उरणार शेगडीजवळची खुर्ची. शेजारचे मॅटीकाका मासेमारी सोडून अशाच खुर्चीत जाऊन बसले आणि सहा महिन्यांत गेले. मला भीती वाटते. बस्स, लिहिलं.

१९ एप्रिल

तलावावरून एक ट्राउट मासा आला. नेहमीप्रमाणे लांब चमच्याने त्याचं पोट उपसून सगळं बशीत — आईच्या लग्नातल्या बशीत, दुसरी कुठली! काड्या-वाळूचं घर पाठीवर घेऊन फिरणाऱ्या अळ्या. पुढून पिवळट डोकं डोकावतंय. "मासे हेच खातायत सध्या," बाबा म्हणाले आणि तशीच अळी बांधायला बसले. झाली ती मेलेल्या उंदरासारखी.

२२ एप्रिल

बाबा चर्चला गेल्यावर मी सहा बांधल्या. आत वजनाला शिशाची तार, वर लव, डोक्याला फादरांच्या जुन्या मफलरची लोकर, म्हणजे आशीर्वादही आलाच. काळ्या रेशमाची गाठ. सहा जुळ्या बहिणी! बाबांच्या गळांच्या डबीतले उंदीर माझ्या शिवणाच्या खणात, माझ्या अळ्या डबीत. त्यांना काय कळणार? चष्मा लावणं म्हणजे त्यांच्या खानदानाची बेअब्रू.

२७ एप्रिल, रविवार

चार ट्राउट! दुसरं बक्षीस! पबमध्ये बाबा ग्लास उंचावून, "या थरथरत्या हातांची अळी, बरं का!" मी संतिणीसारखी हसले. नाव वाचली. वाचवली कुणी, ते मी आणि ही वही जाणतो. थोर आहे मी. अगदीच थोर.

२८ एप्रिल

बाबांचा ओला कोट वाळत घालताना खिशात तंबाखूची डबी लागली. आत बुचाला टोचून ओळीने माझ्या सहाही अळ्या. कोरड्या. एकीलाही पाणी लागलेलं नाही.

तशीच कोलमनकाकांकडे गेले. ते आधी टाळत होते, मग म्हणाले, "अगं, त्याने तुझ्या लगेच ओळखल्या. स्वतःच्या नव्या बांधून टोपीच्या अस्तरात लपवून आणल्या होत्या. मासे त्या विस्कटलेल्यांनाच धरतात. तुझ्या फार नेटक्या, अशांना मासे नुसते बघून जातात. मला बजावलंय त्याने — पोरीला सांगू नकोस, तिला वाटतंय नाव तिने वाचवली."

उद्या बाबा बांधायला बसले, की शेजारी खुर्ची ओढून बसणार आहे. बघून शिकायला.