कोरा नकाशा

रेक्याविक, ३ नोव्हेंबर

चि. ओर्वार यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू माझं बोलणं मध्येच तोडतोस, म्हणून लिहिते. गावाखाली लाव्हा सरकतोय म्हणून सगळ्यांना बाहेर काढलं. बाबाही कुरकुरत माझ्याकडे आले, पण जीव गावात अडकलेल्या मेंढ्यांत. तू आणि तुझ्या दोन दोस्तांनी बनवून जगाला फुकट वाटलेला इंटरनेटवरचा भूकंपांचा नकाशा दिवसभर उघडून बसतात. कोकराचं सूपसुद्धा त्याच्यासमोरच! सरकारी माणसांवर काडीचा विश्वास नाही. म्हणतात, माझ्या पोराचा नकाशा खोटं बोलत नाही.

नकाशाच्या पुढच्या योजनेत तुम्ही छोटे हादरे गाळणार, असं तुमच्याच पानावर वाचलं. मला भीती वाटते रे.

तब्येत सांभाळ.
तुझी ताई, आल्डिस

ओस्लो, १२ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तू म्हणजे जन्माची घाबरट. आम्ही तिघंच, नोकऱ्या सांभाळून हे करतो. बारीक हादऱ्यांच्या गर्दीत मोठा हरवतो आणि लोक आम्हाला शिव्या घालतात. पुढे हादऱ्यांची साखळी जोडून ती कुठे सरकतेय ते दाखवायचंय, त्याआधी ही गाळणी हवी. शनिवारी चाचणीसाठी लावतोय. बाबांना सांगून ठेव, नकाशा मोकळा दिसेल.

लोभ असू दे, रागावलीस तरी.
ओर्वार

रेक्याविक, १९ नोव्हेंबर

चि. ओर्वार यास आशीर्वाद.

तुझं पत्र आज आलं. शनिवारी बाबांनी नकाशा उघडला तर कोरा. जमीन निजली म्हणाले, आणि मी अंघोळीला गेले तेवढ्यात माझी गाडी घेऊन, नाकाबंदी चुकवून जुन्या वाटेने गावात गेले. तुला फोन केला तेव्हा मी का किंचाळत होते, ते आता कळलं असेल. तू गाळणी काढलीस आणि नकाशावर सगळा गाव हादऱ्यांच्या ठिपक्यांनी भरला. बाबा फोन उचलत नव्हते. मी पुन्हा पुन्हा लावत राहिले.

संध्याकाळी आले, मागच्या सीटवर एक मेंढी. बाकीच्यांपर्यंत पोचण्याआधी गोठ्यामागची जमीन दुभंगली. तुला ते एका शब्दाने बोलले नाहीत, याचंच मला जास्त वाईट वाटतं. नकाशा उघडत नाहीत. रेडिओ ऐकत बसतात.

काळजीत,
आल्डिस

ओस्लो, २७ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र वाचलं आणि त्याच रात्री दोस्तांना फोन लावला. योजनेतलं पहिलं कलम बदललं. काही गाळलं असेल, तर नकाशाने आधी तसं ठळक सांगायचं, कोरं दिसायचं नाही. दोघं दोस्त कुरकुरले, पण मी हटलो नाही.

हे बाबांना सांग. नको, राहू दे. रविवारी मीच फोन करतो. ते काय बोलतील ते बोलू देत, मध्येच तोडणार नाही.

तुझा,
ओर्वार