एकशे बारा फॉर्म

३ फेब्रुवारी
पीएचडीची व्हायव्हा सतरा तारखेला. मग मी डॉ. श्यामसुंदर, कॉलेजातला पहिला डॉक्टर क्रीडा अधिकारी. विषय : रांझीच्या कामगार वसाहतीतल्या विवाहित स्त्रिया आणि खेळ. निष्कर्ष : लग्नानंतर ८७ टक्के स्त्रियांना खेळात रस उरत नाही. भीती अजिबात नाही. पोट बिघडलंय ते कालच्या खोव्याच्या जलेबीनं.

५ फेब्रुवारी, दुपार
गाईड वसुधा मॅडमचा फोन. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना आदल्या दिवशी रांझीत चार-पाच बायकांना भेटायचंय. मी म्हटलं, मोस्ट वेलकम. फोन ठेवला तर तळहात ओले. हवा दमट असावी.
इथे लिहायला हरकत नाही. दीडशे फॉर्मपैकी एकशे बारा मीच भरले, डायनिंग टेबलावर. याला खोटं म्हणत नाहीत. अठरा वर्षं या लाइनमध्ये आहे, बायका काय उत्तर देतील मला ठाऊक आहे. उगाच त्यांचा वेळ काहून घ्यायचा?

६ फेब्रुवारी
प्लॅन : परीक्षक येण्याआधी रोज दहा बायका गाठून खरे फॉर्म भरून घ्यायचे. रांझीला गेलो. क्वार्टरसमोर एक बाई कपडे वाळत घालत होती. तिनं वळून पाहिलं. हेल्मेट घालून परत आलो. पूर्वतयारी चांगली झाली.

९ फेब्रुवारी
जेवताना विनीता म्हणाली, "टक्केवारी काय पुटपुटून राहिले? इतके काहून घाबरले?" बायकोला रिसर्च कळत नाही. सांगितलं, रिव्हिजन आहे. पण परीक्षकांना कळलं तर डिग्री जाईल. नोकरीही.

११ फेब्रुवारी, संध्याकाळी सहा
क्वार्टरमागच्या मैदानावर वीसेक बायका कबड्डी खेळत होत्या. पदर खोचून, काही सलवारमध्ये. त्यांची कॅप्टन यामिनी, फॅक्टरीत कामाला. "भैया, कोणाला शोधून राहिले?" पीएचडीच्या पुस्तकासाठी सर्व्हे, म्हटलं. ती म्हणाली, माहेरी कोणी खेळू दिलं नाही, लग्नानंतरच शिकली. सासूबाईही खेळतात, वय एकसष्ट. मग विचारलं, तुमच्या पुस्तकात काय लिहिलंय? मी आकडा सांगितला. "कोणाच्या घरी विचारलं होतं जी?"
म्हटलं, सॅम्पल रँडम होतं. आणि मोटरसायकल सुरू केली.

१३ फेब्रुवारी
नदीवर, ग्वारीघाटावर दोन तास बसलो. नाववाल्यानं तीनदा विचारलं, पार जाना है क्या. नंतर मॅडमकडे जाऊन सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, परीक्षकांना शंका आली होतीच, जोडलेल्या एकशे बारा फॉर्मवर एकाच हाताचं अक्षर. व्हायव्हा रद्द. युनिव्हर्सिटीला पत्र त्या स्वतः पाठवणार. पुढचं पुढे. मॅडम रागावल्या नाहीत. त्याचीच जास्त भीती वाटली.

१८ फेब्रुवारी
कोरे फॉर्म घेऊन पुन्हा मैदानावर. यामिनीला खरं सांगितलं. ती म्हणाली, "एक जण कमी आहे, चलो, उतरा आत." गुडघ्याचं कारण सांगितलं. कोणी ऐकलं नाही. रेड टाकायला गेलो, दुसऱ्या 'कबड्डी'ला दम संपला. तिच्या सासूबाईंनी घोटा धरला तो सोडलाच नाही.
उठवताना त्यांनीच विचारलं, "लागलं काय बेटा?"
लागलं होतं.
अंधार पडला, सगळ्या स्वयंपाकाला पळाल्या. फॉर्म एकही भरला नाही.