सत्तेचाळीस नंबरचा जव

कामोठे,
६ एप्रिल २०२५

ती. भामामावशी यांस,
कीर्तीचा नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? शेक घेता का? पत्र तुमची नात वाचून दाखवेल, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. अंकिता, आजी मध्येच "पुरे" म्हणाली तरी शेवटपर्यंत वाच.

इकडे ऊन फार. आपल्या संशोधन केंद्रातल्या शेडनेटची एक बाजू वाऱ्याने फाटली आहे. टाकीतलं पाणी जिभेवर ठेवून "आज खार कमी हाय" असं सांगणारं आता कुणी नाही. प्रणित मीटर बुडवतो, मग तो मीटर बरोबर आहे का हे पाहायला दुसरा मीटर बुडवतो. मिठागरावर वाढलेल्या माणसाची जीभ कुठून आणायची?

जवाचं बी पहिल्यांदा हातात घेतलंत तेव्हाचं तुमचं बोलणं अजून आठवतं. "बाय, ह्ये तर भटजींचं धान! खाजणात पेरून काय खाडीची पूजा घालायची हाय?" सगळे हसले होते. पण भात कापल्यावर मीठ वर येऊन खाजण पांढरं पडतं, त्यात दुसरं काही तग धरेल का, एवढं एकच आपल्याला बघायचं होतं. म्हणून तर साठ वाणांचा तो ट्रे आणि रोजचं खारं पाणी.

आता बातमी. तुमच्या बादलीतला जव पिकला.

तपासणी झाली की रोपं खताच्या खड्ड्यात टाकायची, असा आपला नियम. त्यातली जगलेली चार रोपं तुम्ही फुटक्या बादलीत लावून टाकीमागे ठेवलीत, हे मला ठाऊकच नव्हतं. फेब्रुवारीत गळका पाइप शोधायला गेले आणि दिसली. टाकीतून सांडेल तेवढंच पाणी त्यांना, तेही खारं. बादलीच्या कडेला मिठाचा थर, आणि त्यावर डुलणाऱ्या ओंब्या, लांब कुसळांच्या, दाणा भरलेल्या.

मी तिथेच चिखलात बसले, मावशी. वीस वर्षं रोपं मोजते आहे, पण असं पाहिलं नव्हतं. खालची पानं जळून तपकिरी झालेली, आणि सगळ्यात वरचं पान असं स्वच्छ, जणू त्याला खाऱ्या पाण्याची वार्ताच नाही. आम्ही पानं तपासली. मीठ होतं ते सगळं खालच्या पानांत. वर जवळपास नाहीच. ना डोळे, ना मेंदू. कुठल्या पानाने मीठ घ्यायचं आणि कुठल्याने ओंबी पोसायची, हे ते रोप कसं ठरवतं? जवाच्या एकेका पेशीत जो मजकूर लिहिलेला असतो, तो माणसाच्या मजकुरापेक्षा दीडपटीहून लांब आहे. त्यातल्या फार थोड्या ओळी आम्हाला वाचता येतात. त्या दिवशी वाटलं, आपण पहिल्या पानावरच आहोत, आणि तेही बोट ठेवून ठेवून.

त्याच्या पानाचा तुकडा बाहेर तपासायला दिला होता. गेल्या आठवड्यात रिपोर्ट आला. वाण नंबर सत्तेचाळीस. राजस्थानातल्या खाऱ्या विहिरींवरचं जुनं बियाणं.

मी वहीत लिहिला होता नंबर चौदा.

सगळ्या रोपांना सारखं ऊन मिळावं म्हणून आपण रोज ट्रे अर्धा फिरवत होतो. कुठलं रोप जगलं त्याची नोंद घेताना मी उलट्या कोपऱ्यापासून मोजलं. सत्तेचाळीसच्या जागी चौदा आलं. तुम्ही मागे उभ्या होतात. म्हणालात, "बाय, तुमी ट्रे फिरवला, कागद फिरवलाच नाय." मी काय म्हणाले, तेही आठवतं. "मावशी, आता तुम्ही मला शिकवा."

मग डिसेंबरात खाजणातल्या वाफ्यात चौदा नंबर पेरला गेला आणि तीन आठवड्यांत जळून गेला. जानेवारीच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, बी कुणी पेरलं? मी म्हणाले, भामाबाईंनी. खोटं नव्हतं ते. पुढचं सगळं इतरांनीच जुळवलं. कुणी म्हणालं, बियांची अदलाबदल झाली असेल. कुणी म्हणालं, चांगलं बी घरी गेलं असेल. तुम्ही माझ्याकडे बघत होतात. मी वहीत बघत होते. दुसऱ्या दिवसापासून तुम्हाला येऊ नका म्हणून सांगितलं.

इथपर्यंत लिहून मी पत्र संपवणार होते. रिपोर्ट आला, चूक कळली, माफी मागितली. वाचायला बरं.

पण मला मार्चमध्ये कळलेलं नाही, मावशी. त्या मीटिंगनंतर तासाभरात मी मोबाइलमधला ट्रेचा फोटो मोठा करून पाहिला. कोपऱ्यावरची निळी खूण उलट्या बाजूला होती. तुम्ही तेव्हा फाटकाशी चपला घालत होतात. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी खिडकी लावून घेतली. पंधरा दिवसांनी प्रकल्पाची मुदत वाढवायची की नाही ते ठरायचं होतं, आणि चव्वेचाळीसाव्या वर्षी पहिल्यांदा तो माझ्या नावावर होता. कारण एवढंच. याहून मोठं असतं तर तुम्हाला सांगायला जरा बरं वाटलं असतं.

परवा हे सगळं साहेबांना लेखी दिलं. ते वाचून म्हणाले, "कीर्ती, जानेवारीची तारीख घालायलाच हवी का? रिपोर्ट तर मार्चचा आहे." पेन माझ्या हातातच होतं. तारीख खोडली नाही.

शनिवारी अकराला केंद्रात, जे जानेवारीत होते त्या सगळ्यांसमोर, मी हे वाचणार आहे. सत्तेचाळीस कुणी ओळखला आणि कुणी जगवला, तेही. तुम्ही आलात तर मला बरं वाटेल, असं लिहिणार होते. पण माझ्या बरं वाटण्यासाठी तुम्ही का यावं? आला नाहीत तरी वाचणार. कामावर परत यायचं पत्र केंद्राकडून वेगळं येईल. त्याला हो म्हणायचं की नाही, तुम्ही ठरवा. माझ्या हाताखाली नको असेल तर तसंही कळवा; मी दुसऱ्या विभागात जाईन.

गावात ज्यांच्यापर्यंत ते "बी घरी गेलं" पोचलं, त्यांची नावं सांगाल का? मी एकेकाच्या दारी येईन.

सगळं ठाऊक असून गप्प राहिलेली,
कीर्ती