नोटीस घ्यायचीच नाही

६ जानेवारी

दादाने आज कोर्टाला हरवलं! मालेगावजवळच्या आमच्या गावी पोस्टमन कोर्टाचं रजिस्टर पाकीट घेऊन आला, तर दादा – जगदेव, माझा थोरला भाऊ, वय बासष्ट – संडासात जाऊन बसला. पाऊण तास! पोस्टमनने चहा घेतला, 'घेण्यास नकार' असं लिहिलं नि गेला. इकडे वाशिमला मला फोन – आवाज असा, जणू घरात लग्न ठरलंय. दादाचा कायदा सोपा आहे : नोटीस घेतलीच नाही, तर केस लागतच नाही.

केस कोणाची? देवमनची, दुसरं कोण! देवमन म्हणजे वावराचा शेजारी. धुऱ्यावरून, म्हणजे मधल्या बांधावरून, त्याचं नि दादाचं वीस वर्षं वाजतंय.

९ जानेवारी

दादाला म्हटलं, वकील गाठ, नाहीतर एकतर्फी निकाल लागेल नि बाबांच्या वेळचं वावर हातचं जाईल. म्हणाला, "वकील म्हंजे भाड्यानं आणलेलं भांडण." वाक्य चांगलं आहे. चोरणार आहे मी.

गुडघा दुखला की डॉक्टर, पंप जळला की मेकॅनिक, म्हैस आटली तर तिलाही डॉक्टर. कोर्टाचं मात्र सगळं पानठेल्यावर विचारायचं!

१७ जानेवारी

आज कोर्टाचा बेलीफ आला. दादा तुरीत लपलेला. मनकर्णावहिनी दारात उभ्या राहून म्हणाल्या, घरी कोणीच नाही. म्हणजे आपणसुद्धा नाही! बेलीफाने दाराला कागद चिकटवला, फोटो काढला, गेला. वहिनींनी त्यावर कॅलेंडर टांगलं. पाहुणे येतात, बरं दिसत नाही.

फोनवर विचारलं, वाचलं का काय लिहिलंय? "वाचलं तर लागू होते म्हणतात तुमचे भाऊ."

१९ जानेवारी

कॅलेंडर अंमळ तिरपं बसलंय म्हणे. खालून कोर्टाचा शिक्का डोकावतो.

२५ जानेवारी

न राहवून गावी गेलो. दादासोबत वावरात गेलो, तर धुऱ्यावर देवमन भेटला. आडवळणाने केसचं काढलं, तर तो हसतच सुटला.

"मी कायले केस करू, भाऊ? माही नांगराची चार तासं तुमच्याच वावरात आली हायेत. मोजणी झाली त माह्यंच कमी होईन."

वीस वर्षांत त्या धुऱ्यावर पहिल्यांदा कुणी खरं बोललं. दादाचा चेहरा बघण्यासारखा! आनंद मानावा की अपमान, त्याला ठरवता येईना.

मग केस केली कोणी?

कॅलेंडर काढलं. संक्रांतीला धुवायचं राहिलेलं दार वहिनींनी नेमकं परवा धुतलेलं! शाई पार वाहून गेलेली. उरला फक्त केस नंबर आणि ३ फेब्रुवारी ही तारीख. दादाने ती दोनदा वाचली. मग स्वतःच म्हणाला, "चाल, तुह्या त्या वकिलाकडं."

२८ जानेवारी

दादाला मोटरसायकलवर मागे बसवून वाशिमच्या वकील सुकेशनीबाईंकडे नेलं. वयाने लहान, आवाजाने हेडमास्तर.

"पाकीट आलं त्याच दिवशी यायचं होतं, काका. नाकारलेली नोटीस मिळालेलीच धरतात. तुमी संडासात होते का तुरीत, कोर्टाले फरक नाही पडत."

दादा म्हणाला, मले कोणी सांगतलंच नाही! मी छताकडे पाहिलं.

बाईंनी वकीलपत्रावर दादाची सही घेतली. तीन तारखेला हजर होऊन मुदत मागतील, तोवर दाव्याची नक्कल काढतील. जाताना म्हणाल्या, जमिनीचा, वारसाचा कागद असला की आधी विचारायचं, मग सही करायची. नंतर आलात तर निस्तरणं तेवढं उरतं. दादा शहाण्या मुलासारखी मान हलवत होता. मी मनात हसत होतो.

३१ जानेवारी

नक्कल आली.

वादी : ज्योत्स्ना. आमची धाकटी बहीण, मानोऱ्याला दिलेली. बाबांच्या वावरात आपला हिस्सा मागते.

प्रतिवादी एक, दादा. प्रतिवादी दोन, मी. माझंही पाकीट गावच्याच पत्त्यावर आलं होतं. दादाने दोन्ही परत पाठवली.

सोबत एक अर्ज जोडलाय – बाबा गेल्यावर आम्ही तलाठ्याला दिलेला. 'वारस फक्त दोन मुलगे. अन्य कोणी नाही.'

बाईंनी विचारलं, हा कोणी लिहिला? या वेळी दादाने छताकडे पाहिलं.

अक्षर माझं.