ताईच्या टॅरंट्युलासाठी केलेले पठण

चिरंजीव धाकट्यास,

थोरल्या भावाचे मनःपूर्वक आशीर्वाद. तुझे गुडघे व सौभाग्यवतींचा खोकला ईश्वरकृपेने आटोक्यात असावा. माझे म्हणशील, तर डॉक्टरांनी माझ्या हृदयासाठी वर्षभराची मुदत दिली आहे, आणि देताना त्यांचा चेहरा सवलत दिल्यासारखा होता.

आपल्या वैकुंठवासी ताईने शेवटच्या आजारात माझ्याकडून एकच वचन घेतले: तिची टॅरंट्युला नैसर्गिक मरणापर्यंत सांभाळावी. (ताई जीवशास्त्राची शिक्षिका खरी; पण दोन भाऊ हयात असता चिंता आठ पायांच्या कोळ्याची!) सर्व भूतांच्या ठायी ईश्वर नांदतो, असे मी आयुष्यभर सांगत आलो, तो तळहाताएवढा, केसाळ आणि केशरी गुडघ्यांचा होऊन माझ्याच खोलीत काचेच्या पेटीत नांदेल, हे ध्यानी आले नव्हते. जवळ गेले की ही मादी मागच्या पायांनी पोटावरचे केस खरवडून उधळते. ते डोळ्यांत जाऊन पूजेच्या वेळी तीन दिवस माझ्या अश्रुधारा चालल्या होत्या, आणि समोरच्या शिंपीणबाईंनी त्यास भक्तिभाव समजून मला वाकून नमस्कार केला.

गेले दोन महिने तिने अन्न वर्ज्य केले होते. मी तिला तपस्विनी समजत होतो. परवा सकाळी पाहतो, तो पेटीत उताणी, आठही पाय आकाशाकडे. (माणसाला इतकी शरणागती साधत नाही.) वचन माझ्या हातून मोडले, या विचाराने छातीत कळ आली. शिंपीणबाई धावत आल्या. "काका, मेली हो ती! द्या इकडे, कुंडीत पुरते, नाहीतर मुंग्या लागतील."

"पठणाविना नाही. ताईला काय तोंड दाखवू?"

"अहो, कोळ्याला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्हाला तरी कुठे कळतं? तरी बसता ना ऐकायला?"

बाई कुंडी उकरू लागल्या. मी पोथी उघडली. सर्व अध्याय, अर्थासहित, चार तास. माझ्या निरूपणाला लोक कंटाळतात, हे तू जाणतोसच; त्या दिवशी त्या लांबणीनेच एक जीव वाचला. समाप्तीला मान वर केली, तो पेटीत सोळा पाय! चष्म्याचा दोष म्हणून काच पुसली, तरी सोळाच. एक रिकामी कात, आणि शेजारी ओलसर, नवीकोरी ती, पाय ताणत उभी. मग ताईची वही काढली. तीत स्वच्छ अक्षरात होते: कात टाकताना ती उताणी होते, तेव्हा हलवल्यास मरते. ताईने ती वही वचनासोबतच माझ्या हाती दिली होती. पोथीबाहेरचे काही वाचण्याजोगे असेल, असे मला वाटले नव्हते. तिचे लिहिणे वाचण्याजोगे आहे, असे मी तिला हयातीतही कधी वाटू दिले नाही.

तुझा,
दादा

ता.क. वहीप्रमाणे अशी मादी पंचवीस वर्षे जगू शकते. हिला दहावे चालू आहे. तेव्हा पेटी तुझ्याकडे पाठवतो आहे; नाही म्हणू नकोस.

ता.क. दुसरा. तुला एकोणऐंशी पूर्ण झाली, हे मी विसरलेलो नाही. म्हणून पेटी पोहोचताच तुझ्यानंतरचा माणूस शोधायला लाग. पत्र लिहायला वेळ लागतो. माझी चार फाडून झाली.