सत्त्याण्णवावा दिवस

कॉर्फू, मंगळवार

प्रिय डॅफ्नी,

फोनवर बाबांचं नाव निघालं की तू फोन ठेवून देतेस, म्हणून हे लिहितेय. खालच्या प्रवास कंपनीतली मर्सिना याचे फोटो काढून आजच तुला पाठवणार आहे. शेवटपर्यंत वाच गं बाई.

आधी माझा गाढवपणा सांगते. आपल्या अमेरिकन पासपोर्टवर इथे युरोपात एकशे ऐंशी दिवसांत नव्वदच दिवस राहता येतं, आणि आज माझा सत्त्याण्णवावा दिवस आहे. हो, जन्मात कधी लाल सिग्नल न तोडलेली तुझी आई इथे बेकायदा राहतेय! पोलिसांची गाडी दिसली की मी सरळ चर्चमध्ये शिरते. काल पाव आणायला गेले तर दुकानात एक वर्दीवाला उभा. बिचारा स्वतःच पाव घेत होता, पण मी तशीच मागे फिरले.

खापर फोडायचं तर तुझ्या आत्याच्या डोक्यावर. अठ्ठ्याऐंशीव्या दिवशी मी बॅग काढली, तर अग्लाया म्हणाली, "ठेव ती बॅग! सकाळच्या बोटीने पलीकडे अल्बानियात सरांदेला जा, कॉफी पी, दुपारी परत ये. नवे नव्वद दिवस मिळतात. इथले सगळे परदेशी तेच करतात." गेले मी. कॉफी पाणचट होती. परतताना बंदरावर पासपोर्ट तपासायच्या खिडकीतल्या माणसाने बोटांचे ठसे घेतले, तोंडाकडे बघितलं, 'जा' म्हणून हात हलवला, आणि मी गड जिंकल्यासारखी घरी आले. मग गेल्या आठवड्यात परतीचं तिकीट काढायला गेले, तेव्हा मर्सिनाने कपाळावर हात मारला. "अहो काकू, मागचे एकशे ऐंशी दिवस मोजतात, बाहेर जाऊन आलं म्हणून मोजणी नव्याने सुरू होत नाही! आणि आता शिक्के नाहीत, संगणक मोजतो. तुमची कॉफीसुद्धा त्याने मोजली असेल." आत्याला सांगितलं, तर म्हणते कशी, "घाबरट कुठली! तोंड हसरं ठेव, सोडतील." विमानतळावर नुसता दंड होईल की काही वर्षं युरोपात पाऊल ठेवायची बंदी, ते कुणी छातीठोक सांगत नाही. मी सत्तरीची. बंदी झाली तर पुन्हा कधी येणार?

तू म्हणशील, मग वेळेत का नाही निघालीस? अगं, इथे दफनाची जागा तीनच वर्षं मिळते. मग थडगं उघडून हाडं काढतात, वाइनने धुतात आणि पेटीत ठेवतात. बाबांची मुदत जानेवारीत संपली, त्यासाठीच मी आले. पण पाऊस हटेना, आणि इथले पाद्री पापा-लूकास ओल्या मातीला हात लावू देईनात. तारीख चार वेळा पुढे गेली. आता ती या शनिवारी आहे. बेचाळीस वर्षं संसार केला मी त्यांच्याशी, त्यांना परक्यांच्या हाती सोडून कशी निघू?

आता खरं काय ते लिहिते. पोलिसांची भीती एकवेळ परवडली. इथल्या बायका म्हणतात, ज्याला कुणी माफ केलेलं नसतं, त्याला माती आपलं म्हणत नाही; तीन वर्षांनीही देह तसाच निघतो. मागच्या महिन्यात चार थडगी सोडून एकाचा देह तसाच निघाला. पुन्हा पुरलं त्याला, आणि सगळ्या बायका त्याच्या मुलाकडे बघत राहिल्या. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता गं. पण आता डोळे मिटले की तेच दिसतं. बाबा तुझ्या लग्नाला आले नाहीत, अकरा वर्षं तुझ्याशी बोलले नाहीत. चूक त्यांची होती, आणि मी गप्प बसले ही माझी. पण शनिवारी एकटीने खाली बघायचं धैर्य माझ्यात नाही. तुला व्हिसा लागत नाही; पासपोर्ट परतीनंतर तीन महिने चालणारा असला की झालं, आणि तुझे नव्वदच्या नव्वद दिवस शाबूत आहेत. ये. नाहीच जमलं, तर त्यांना माफ केलंस एवढं लिहून पाठव, मी ते तिथे मोठ्याने वाचीन. आणि केलं नसशील, तर माझ्यासाठी म्हणून खोटं लिहू नकोस. तसं कळव फक्त, म्हणजे माती काढायच्या वेळी मी बाकी कुणालाही जवळ येऊ देणार नाही.

घाबरलेली, पण तुझीच,
आई