पडद्यावरचा बाण

प्रिय भिंगरी,

फोनवर विचारलं की तू हसण्यावारी नेतेस, म्हणून लिहायला बसले. तुझ्या खोलीतला कॉम्प्युटर चालू ठेवायचा की बंद करायचा, एवढं एकदा सांग. त्यावरून आमचं रोज वाजतं. तुझे बाबा जन्मभर लोकांच्या घरी वायरिंग करत फिरले, त्यांना प्रत्येक प्लगमध्ये आग दिसते. पूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानात जायचं तरी मेन स्विच पाडून निघायचे. आता तो पाडता येत नाही, म्हणून घराबाहेरच पडत नाहीत.

जाताना तू बजावलं होतंस, याला हात लावू नकोस, सगळे नकाशे यातच आहेत, मी तिकडून यात शिरून काम करणार. मला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. धूळ बसू नये म्हणून मी आपली त्याला छान झालरीचा अभ्रा शिवून घातला. तो तापून असा घरघरायला लागला की बाबांनी घर डोक्यावर घेतलं! तिकडे तुझं काम अडलं आणि तुझा फोन आला, आई, त्याला श्वास तरी घेऊ दे. किती हसलो होतो आपण.

तेव्हापासून मी माझं शिलाई मशीनच तुझ्या खोलीत आणलं. दुपारी समोरच्या पडद्यावरचा बाण आपोआप सरकायचा. रेघेला रेघ जोडत खिडकी व्हायची, जिना व्हायचा. मी टाके घालता घालता विचारायची, जेवलीस का गं? बाण भराभर धावत असला की समजायचं, स्वारी खुशीत आहे.

गेले बरेच दिवस तो हललेला नाही. पडदा काळा झाला की मी माउस जरा ढकलते. उजेड येतो, पण बाण माझ्याच हाताने हललेला असतो. तुझे निरोप येतात, बरी आहे, कामात आहे. अगं, कामात असतीस तर मला दिसलं नसतं का? माझ्या जिवाला घोर लागलाय. ब्लाउजच्या बाह्या उलट्या जोडून ठेवल्या काल.

आज बाबा म्हणाले, पुरे झालं, तिने तिकडे नवीन घेतला असेल, टाक बंद करून. मी बटणाकडे हात नेला, तर त्यांनीच माझं मनगट धरलं. मग स्टूल ओढून पडद्यासमोर बसले. चहा पार निवला तरी उठेनात. काम सुटलं असेल तर सुटू दे, बाळा. नकाशे नको काढूस. फक्त एकदा आत शिरून तो बाण हलव, वेडीवाकडी रेघ ओढलीस तरी चालेल. तेवढंही होत नसेल, तर सरळ घरी ये आणि तुझ्या हाताने बंद कर. आमच्याने होत नाही.

तुझीच, पडद्याकडे बघत टाके चुकवणारी,
आई